गोंगाटामागचें गाणें

एखादा गवई आयुष्यभर ज्या थाटांत गाइला तो थाट उतारवयांत टाकून साध्या बैठकीवर येऊन बसला, म्हणजे त्याच्याविषयीं दोन मतें हमखास ऐकूं येतात. ज्यांना त्याचें पूर्वीचें गाणें आवडत नव्हतें ते म्हणतात, "चला, अखेर याला शहाणपण सुचलें!" ज्यांना तें आवडत होतें ते म्हणतात, "संपला बिचारा. दम राहिला नाहीं." हीं दोन मतें वरवर पाहतां एकमेकांच्या उलट दिसतात, परंतु दोहोंच्या बुडाशीं गृहीत एकच आहे. तें असें कीं, पूर्वीचा थाट हा केवळ अंगावरचा कपडा होता, आणि तो काढला कीं आंतला मनुष्य दिसतो. मग तो मनुष्य कोणास सुंदर दिसो, कोणास केविलवाणा दिसो. हें गृहीत कितपत खरें आहे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आणि त्याच्या परीक्षेसाठीं आम्हीं उदाहरण घेतलें आहे तें अमेरिकेंतील एका जुन्या मेटल-वादकाचें. स्कॉट वाइनरिक हें त्यांचें नांव. रसिकांत मात्र ते 'वायनो' म्हणजे 'दारुडा' याच टोपणनांवानें ओळखले जातात. २०१० सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतां, त्यांनीं 'ॲड्रिफ्ट' नांवाची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. तीस-पस्तीस वर्षें ज्यांनीं विजेच्या गिटारीचा गडगडाट हेंच आपलें क्षेत्र मानलें, त्यांच्या या ध्वनिमुद्रिकेंत मुख्यतः एक लाकडी गिटार आणि एक गळा एवढेंच आहे.

आरंभींच एक कबुली दिलेली बरी. ही ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकली तेव्हां आम्ही पहिल्या मताचे होतों. मेटल म्हणून जें संगीत आहे त्याचा कर्णकटु गोंगाट आमच्या सहनशक्तीबाहेरचा होता, आणि 'ॲड्रिफ्ट' ऐकून आम्हीं मित्रमंडळींत मोठ्या ऐटीनें सांगितलें कीं, या गृहस्थांनीं हेंच वीस वर्षांपूर्वीं करावयास हवें होतें. तेव्हां मंडळींतील एका तरुणानें आम्हांस शांतपणें विचारलें, "वीस वर्षांपूर्वींचें आपण ऐकलें आहे काय?" आम्हीं ऐकलें नव्हतें. टीकाकारास यापेक्षां लाजिरवाणा प्रसंग दुसरा नाहीं. त्या लाजेनें म्हणा, कुतूहलानें म्हणा, पुढें आम्हीं तें सारें क्रमानें ऐकून काढलें. आणि आज जें लिहीत आहों तें त्या वेळच्या आमच्या मताचें निराकरण होय.

वाइनरिक यांची हकीकत थोडक्यांत अशी. अमेरिकेच्या मेरीलँड संस्थानांत १९७६ च्या सुमारास त्यांनीं आपला पहिला ताफा उभा केला; त्याचेंच पुढें 'दि ऑब्सेस्ड' असें नांव झालें. १९८६ सालीं लॉस एंजेलिस येथील 'सेंट व्हायटस' या मंडळींत ते गायक म्हणून दाखल झाले, आणि त्याच सालीं 'बॉर्न टू लेट' ही त्या मंडळींची ध्वनिमुद्रिका निघाली. नंतर त्यांनीं 'दि ऑब्सेस्ड' पुन्हां उभी केली. १९९४ सालीं तिची 'दि चर्च विदिन' ही ध्वनिमुद्रिका कोलंबियासारख्या बड्या कंपनीनें काढली. ती मंडळी मोडल्यावर 'स्पिरिट कॅराव्हॅन', त्यानंतर 'दि हिडन हँड', आणि २००९ सालीं स्वतःच्या नांवावर 'पंक्च्युएटेड इक्विलिब्रियम', असा हा प्रवास आहे. ताफे जमवावेत, ते मोडावेत, पुन्हां जमवावेत, हाच जणूं त्यांचा जन्मभराचा धंदा. २००९ ची ती ध्वनिमुद्रिका बाहेर पडली त्याच वर्षीं तींतील बासवादक अकालीं मरण पावला, आणि पुढल्याच वर्षीं 'ॲड्रिफ्ट' निघाली. या दोन घटनांमध्यें कार्यकारणभाव जोडून देण्याचा मोह सोपा आहे. आम्ही तो आवरतों. परंतु शीर्षकाचा अर्थ 'नांगर तुटून वाहत चाललेली' असा आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां या मंडळींचा गोंगाट हा काय पदार्थ आहे तें पाहिलें पाहिजे. कारण टाकलें काय हें कळल्यावांचून उरलें काय हें कळणार नाहीं. मेटलच्या अनेक शाखांपैकीं ज्या शाखेंत वाइनरिक यांचा मान मोठा आहे तिला 'डूम' म्हणतात. ती वेगाची नव्हे, विलंबिताची शाखा आहे. तिचें कूळ इंग्लंडांतील बर्मिंगहॅमच्या 'ब्लॅक सॅबथ' या मंडळींपर्यंत जातें. 'सेंट व्हायटस' हें नांवदेखील त्या मंडळींच्या १९७२ मधील एका गाण्याच्या नांवावरूनच घेतलेलें आहे. सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी हे सतराव्या वर्षीं पत्र्याच्या कारखान्यांत कामाला होते. तेथील कामाच्या अखेरच्या दिवशीं त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें यंत्रांत तुटलीं. ते डावखुरे असल्यामुळें स्वर दाबण्याचा हात तो हाच. वादन सोडण्याच्या विचारांत ते असतां कारखान्यांतील मुकादमानें त्यांना जँगो राइनहार्ट यांची ध्वनिमुद्रिका आणून ऐकविली. राइनहार्ट यांचीं डाव्या हाताचीं दोन बोटें १९२८ सालच्या आगींत निकामी झालीं होतीं, आणि तरीही उरलेल्या बोटांनीं ते लाकडी गिटारीवर विजेसारखे चालत. आयोमींनीं बोटांना टोपणें केलीं, हलक्या तारा चढविल्या, आणि पुढें १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' मध्यें गिटार तीन अर्धस्वर खालीं उतरविली. या सैल, खर्जांतल्या तारांचा जो जड नाद, त्यांतून हा सगळा पंथ जन्मला. म्हणजे ज्या वाद्याकडे वाइनरिक उतारवयांत 'परत' आले असें आपण म्हणतों, तें या घराण्याच्या आजोबांचेंच वाद्य होय. सॅबथच्या त्याच ध्वनिमुद्रिकेंत 'ऑर्किड' नांवाचा केवळ लाकडी गिटारीचा एक चिमुकला तुकडा आहे, हेंही पुष्कळांच्या लक्षांत नसतें.

पण कुळाची गोष्ट पुरे. आतां नादाची पाहूं. लाकडी गिटारीची तार छेडली कीं आवाज उठतो, आणि त्याच क्षणापासून विरूं लागतो. विजेची गिटार नळ्यांच्या ॲम्प्लिफायरमधून त्याच्या कुवतीबाहेर चढविली, म्हणजे ध्वनिलहरींचे माथे कापले जातात. आरंभींचा जोराचा भाग त्यामुळें दबतो, मागून येणारा क्षीण भाग त्याच्या बरोबरीनें ऐकूं येतो, आणि सूर लांबल्यासारखा वाटतो. शिवाय आवाज पुरेसा मोठा असला तर कर्ण्यांतून निघालेल्या हेलकाव्यानेंच ती तार पुन्हां थरथरूं लागते. सूर मरतच नाहीं. आपल्याकडील बीनकाराला जो दीर्घ सूर भोपळ्याच्या घुमाऱ्यांतून आणि मिंडेच्या कसबानें काढावा लागतो, तो येथें विजेच्या बळावर निघतो. डूमची लय इतकी संथ कां, याचें उत्तर यांत आहे. सूर टिकतो म्हणून पुढचा सूर उशिरां आला तरी चालतें. गोंगाट हा येथें उगीच घातलेला धिंगाणा नसून, विलंबित लयीचा तो आधार आहे.

दुसरी गोष्ट याहून मौजेची आहे. असा चिरफाळलेला आवाज असला म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचा तीन स्वरांचा पूर्ण मेळ त्यांतून स्वच्छ निघत नाहीं. गांधार इतर स्वरांशीं भांडतो आणि सगळा चिखल होतो. म्हणून या वादकांनीं गांधार गाळला आणि केवळ षड्ज-पंचमाची जोडी ठेवली. वाचकहो, षड्ज आणि पंचम! आपल्या तंबोऱ्याचीच ती जोडी. ज्या संगीताला आम्ही रानटी म्हणत होतों तें आमच्याच बैठकीच्या पायावर उभें आहे, हें कळलें तेव्हां आमची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करावी. आणि गांधार नाहीं म्हणजे काय? पाश्चात्त्य कानाला आनंद कीं शोक हें सांगतो तो मुख्यतः गांधार. तो शुद्ध लागला तर उजेड, कोमल लागला तर अंधार. तो गाळला कीं खालचा नाद कांहींच सांगत नाहीं. तो फक्त असतो, पर्वतासारखा. सुखदुःखाचें सारें काम गाणाऱ्याच्या गळ्यावर येऊन पडतें.

हें ध्यानांत घेऊन आतां 'ॲड्रिफ्ट' कडे वळावें. विजेची गिटार खालीं ठेवतांच तीन गोष्टी एकदम बदलतात. पहिली, सूर मरूं लागतो. त्यामुळें संथ लय पूर्वीसारखी राहूं शकत नाहीं. दोन स्वरांमधली जागा भरण्यासाठीं हात सारखा हलता ठेवावा लागतो. दुसरी, गांधार परत येतो. पूर्वीं जो आधार मुका होता तो आतां बोलूं लागतो, आणि गाणाऱ्यास प्रत्येक ओळीला आपण कोणत्या पक्षाचे हें सांगून मोकळें व्हावें लागतें. तिसरी, गळा उघडा पडतो. वाइनरिक यांचा गळा गोड नाहीं. तो खरखरीत आहे, त्याचा पल्ला मोठा नाहीं, आणि आयुष्याची झीज त्यावर स्पष्ट दिसते. परंतु तो बेसूर नाहीं, आणि मुख्य म्हणजे तो नाटकी नाहीं. शब्द फेंकून श्रोत्याचे डोळे ओले झाले कीं नाहींत हें पाहत थांबणारी जी एक गाण्याची तऱ्हा आहे, तिचा त्यांना स्पर्शही झालेला नाहीं.

या तीन बदलांशीं झगडतांना त्यांना कोठें यश आलें आणि कोठें नाहीं, यावरून या ध्वनिमुद्रिकेची योग्यता ठरते. आमच्या मतें सर्वांत मोठें यश एका उसन्या गाण्यांत आहे. 'मोटरहेड' या इंग्रज मंडळींचें 'आयर्न हॉर्स', म्हणजे 'लोखंडी घोडा', हें १९७७ सालचें गाणें फटफटीवरून फिरणाऱ्या एका मुक्त पुरुषाचें आहे. मूळ गाण्यांत स्वार आणि घोडा वेगळे काढतां येत नाहींत. वाद्यांची सारी घरघर म्हणजेच तें यंत्र. वाइनरिक यांनीं यंत्र काढून घेतलें. उरला तो केवळ स्वार. मूळ गाणें ऐकतांना या माणसाचा हेवा वाटतो. येथें तो कोठें जातो आहे, त्याची वाट पाहणारें कोणी आहे काय, असा प्रश्न मनांत येतो. शब्द तेच, चालही ओळखूं येण्याजोगी तीच. पण आधारांतला नाद बदलतांच गाण्याचा अर्थ फिरला. चाल नव्यानें कशी सांगावी याचा हा उत्तम धडा आहे, आणि ज्याला मूळचा गडगडाट आंतून ठाऊक आहे त्यालाच हें साधावें असें आहे. कोणा सौम्य भावगीतकारानें हें गाणें घेतलें असतें तर तें नुसतें गोड झालें असतें.

शीर्षकगीतही आम्हांस असेंच भिडलें. त्याचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांत तक्रार नाहीं. 'ओल्ड अँड अलोन' म्हणजे 'म्हातारा आणि एकटा' या गाण्याविषयीं मात्र आमचें मन दुभंगलें आहे. १९८६ चें 'बॉर्न टू लेट' हें गाणें डेव्ह चँडलर यांनीं रचिलें आणि वाइनरिक यांनीं गाइलें. आपण चुकीच्या काळांत जन्मलों, लोक आपल्या केसांना आणि कपड्यांना हंसतात, ही त्यांतली कैफियत. त्या वेळीं गाणारा ऐन पंचविशीचा होता. पंचविशीच्या तरुणानें काळाशीं भांडण काढावें यांत एक ऐट असते. काळ अजून त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसतो. पन्नाशीला मात्र भांडण खरेंच सुरू झालेलें असतें, आणि तेव्हां ऐट उपयोगी पडत नाहीं. 'ओल्ड अँड अलोन' मध्यें विषय आला आहे, त्याचा भारही आवाजांत आहे. परंतु विषयानें जें दुसरें पाऊल टाकावयास हवें तें पडलें नाहीं. आपण एकटे कां झालों, यांत आपला हात किती, हा प्रश्न गाणें विचारीत नाहीं. दुःख सांगितलें जातें, तपासलें जात नाहीं.

आणखीही दोष आहेत. सूर मरतो ही अडचण त्यांनीं बऱ्याच ठिकाणीं तारांवर सरसकट हात मारून भागविली आहे, आणि त्यामुळें एकामागून एक गाणीं ऐकतांना ठेका एकसुरी वाटूं लागतो. एका बोटानें एक तार छेडून मध्यें जागा मोकळी सोडण्याचें धैर्य त्यांना थोड्याच वेळां झालें आहे. कांहीं गाण्यांवर तर विजेच्या गिटारीची एखादी ओळ वरून जोडलेली ऐकूं येते. ती वाजविलेली सुरेख आहे यांत शंका नाहीं. पण सोडलेल्या घराकडे वळून पाहावें तसें तें वाटतें. आम्हांस तेथें मौन अधिक आवडलें असतें. पस्तीस वर्षें ज्यानें शांततेला जागाच दिली नाहीं, त्याला ती एका दिवसांत वश व्हावी अशी अपेक्षा करणें हेंही अन्यायाचेंच.

येथें कोणी म्हणेल, हा सगळा एका फॅशनचा भाग आहे. १९८९ पासून एमटीव्हीवर 'अनप्लग्ड' नांवाचा कार्यक्रम सुरू झाला, आणि विजेची वाद्यें बाजूस ठेवून आपण 'खरे' कलावंत आहों असें दाखविण्याची चढाओढच लागली. तींत पुष्कळसें सोंग होतें हें आम्हांस मान्य आहे. साधेपणाचेंही नाटक करतां येतें. परंतु फॅशनचा आरोप करतांना दुसरी एक घटना विसरूं नये. १९८६ सालीं 'स्लेअर' या अत्यंत भयंकर समजल्या जाणाऱ्या मंडळींची 'रेन इन ब्लड' ही ध्वनिमुद्रिका निर्माण करणारे रिक रूबिन यांनींच १९९४ सालीं जॉनी कॅश या बासष्ट वर्षांच्या, बाजारानें जवळजवळ निकालांत काढलेल्या गायकाला एकट्या गिटारीसह ध्वनिमुद्रकापुढें बसविलें. 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज' ही ती ध्वनिमुद्रिका. तींतलें 'थर्टीन' हें गाणें ग्लेन डँझिग या मेटल-गायकानें लिहिलेलें आहे. मेटलच्या दुनियेंतील निर्माता, त्याच दुनियेंतील गीतकार, आणि गळा मात्र जुन्या लोकगीत-परंपरेंतला! हीं दोन घराणीं एकमेकांस आपण समजतों तितकीं परकीं नाहींत. पाप, मृत्यु, तुरुंग, व्यसन आणि लांबचा रस्ता हे विषय दोघांचे सामाईकच आहेत. फरक काय तो सांगण्याच्या मोठेपणाचा, म्हणजे आवाजाच्या मोठेपणाचा.

२०१२ सालीं वाइनरिक आणि 'न्यूरोसिस' या मंडळींतील दोघे गायक यांनीं मिळून टाउन्स व्हॅन झँट यांचीं नऊ गाणीं, प्रत्येकीं तीन, अशी एक ध्वनिमुद्रिका काढली. व्हॅन झँट (१९४४–१९९७) हे टेक्साससंस्थानचे, आयुष्यभर दारूशीं झुंजलेले आणि अखेर हरलेले कवि-गायक. वाइनरिक यांच्या वांट्याला आलेल्या तिहींपैकीं 'रेक' आणि 'नथिन्' हीं दोन त्यांच्या १९७१ च्या संग्रहांतील आहेत. आमच्या प्रतिपाद्याला ही ध्वनिमुद्रिका फार उपयोगी आहे. कारण येथें वाइनरिक यांच्यापुढें दुसऱ्याचे, आणि अव्वल दर्जाचे, शब्द आहेत. 'नथिन्' मध्यें त्यांचा आवाज आणि मूळ कवीचा निरिच्छ, थंड स्वर यांचें विलक्षण जमलें आहे. 'रेक' मध्यें मात्र तें तसें साधत नाहीं. त्या गाण्यांत रंगेल माणूस आपल्या भूतकाळाविषयीं बोलतां बोलतां स्वतःवरच उलटतो. बोलणाऱ्याचा स्वर ओळीओळीस बदलत जावयास हवा. वाइनरिक एकाच वजनानें सर्व ओळी उचलतात. जड वजन उचलण्याची संवय ज्या हाताला आहे त्याला हलकें वजन तोलणें अवघड जातें, असा हा प्रकार आहे. पण यामुळेंच या दुनियेंत ते नवशिके म्हणून उतरले, आपल्या जुन्या कीर्तीच्या भांडवलावर त्यांनीं येथें मान मागितला नाहीं, हें मनास फार बरें वाटतें. त्याच वर्षीं जर्मन गायक कॉनी ऑक्स यांच्याबरोबर 'हेव्ही किंगडम' ही त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. तींत दुसरा गळा सोबतीला असल्यामुळें त्यांच्या गाण्यांत प्रथमच संवादाचा सूर आला.

आतां एका मुद्द्यावर थोडें थांबलें पाहिजे. अशा ध्वनिमुद्रिकांची स्तुति करतांना पुष्कळ परीक्षक एकच शब्द पुढें करतात: प्रामाणिकपणा. "कला असो नसो, मनुष्य खरा आहे," असें म्हणून ते मोकळे होतात. आम्हांस हें पटत नाहीं. प्रामाणिकपणा हा मनुष्याचा गुण आहे. गाण्याचा गुण होण्यासाठीं त्याला सुरांत, लयींत आणि शब्दांत उतरावें लागतें. तसें नसतें तर प्रत्येक दुःखी मनुष्य कवि झाला असता. शिवाय या स्तुतींत एक छुपा अन्याय आहे. लाकडी गिटार घेतल्यावर मनुष्य खरा झाला असें म्हणणें, म्हणजे विजेची गिटार घेऊन तो इतकीं वर्षें खोटें बोलत होता असें म्हणणें होय. वाइनरिक यांचें पूर्वीचें गाणें क्रमानें ऐकल्यावर आम्ही निःशंकपणें सांगूं शकतों कीं, तें खोटें नव्हतें. 'बॉर्न टू लेट' मधला आवाज आणि 'ॲड्रिफ्ट' मधला आवाज एकच आहे. पूर्वीं तो प्रचंड नादाच्या भिंतीवर टेकून उभा होता. आतां तो टेंकूविना उभा आहे, थोडा डुलतो, पण पडत नाहीं. आणि हा टेंकूविना उभा राहिला म्हणून पूर्वीं तो खरोखरीच उभा होता, नुसता टांगलेला नव्हता, हें आतां सिद्ध झालें.

याच दृष्टीनें २०२० सालची 'फॉरएव्हर गॉन' ही ध्वनिमुद्रिका आम्हांस 'ॲड्रिफ्ट' पेक्षां सरस वाटते. साठीच्या आसपासचें हें गाणें अधिक सावकाश आहे. हात कमी धांवतो, जागा अधिक सुटतात. तिच्यांत 'जॉय डिव्हिजन' या इंग्रज मंडळींचें 'आयसोलेशन' हें १९८० मधील गाणें घेतलें आहे. मूळ गाणें यंत्रासारख्या ठेक्यावर चालतें, आणि त्या यंत्रांत सांपडलेल्या माणसाची घुसमट हाच त्याचा प्राण आहे. मेटलशीं त्याचा फारसा संबंध नाहीं. म्हणून ही निवड वाइनरिक यांच्या रुचीची खूण समजावी. यंत्र गेल्यावर घुसमट जाते, आणि तिच्या जागीं एक प्रकारचा कबुलीचा सूर येतो. मूळच्यापेक्षां हें श्रेष्ठ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पण तें मूळच्याची नक्कल नाहीं, आणि उसनें गाणें घेणाऱ्याकडून एवढी अपेक्षा पुरी झाली तर पुष्कळ झालें.

आणि ज्यांनीं 'ॲड्रिफ्ट' ऐकून वाइनरिक यांच्या संगीत-संन्यासाची द्वाही फिरविली त्यांना उत्तर घटनांनींच दिलें. २०१२ सालीं 'सेंट व्हायटस' बरोबर त्यांनीं नवी ध्वनिमुद्रिका केली. 'दि ऑब्सेस्ड' पुन्हां उभी राहिली, आणि तिच्या २०१७ सालीं 'सेक्रेड' व २०२४ सालीं 'गिल्डेड सॉरो' अशा दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. दोन्हींत विजेचा गडगडाट पूर्वींसारखाच आहे. म्हणजे हा मनुष्य एका घरांतून निघून दुसऱ्या घरीं राहावयास गेला नाहीं. त्याचीं दोन्ही घरें चालू राहिलीं, आणि एका घरांत शिकलेलें तो दुसऱ्या घरांत घेऊन जातो. संन्यासाची कल्पना आपल्या मनाला फार प्रिय आहे. प्रत्येक वळणावर त्याग आणि वैराग्य शोधावें, ही आपली जुनी संवय. पण कलावंताच्या आयुष्यांत पुष्कळदां त्याग नसतो. असते ती कसोटी. सोनार सोनें कसोटीवर घांसतो तें तें फेंकून देण्यासाठीं नव्हे, पुन्हां बाजारांत आणण्यापूर्वीं त्याचा कस ठाऊक असावा म्हणून.

या कसोटीचा निकाल आमच्यापुरता असा आहे. वाइनरिक हे मोठे शब्दकार नाहींत. लाकडी गिटारीवरचे थोर वादकही ते नाहींत. राइनहार्ट यांचें तर नांवच काढूं नये. त्यांच्या एकट्याच्या ध्वनिमुद्रिकांतून निम्मीं गाणीं वगळलीं तरी फारसें नुकसान होणार नाहीं. परंतु उरलेल्या निम्म्यांत असें कांहीं आहे, जें केवळ गोड गळ्याच्या, सुशिक्षित बोटांच्या गायकाकडून मिळत नाहीं. प्रचंड नादाची मर्यादा ज्यानें आंतून पाहिली आहे त्यानें हळू आवाजांत बोलणें, आणि ज्याला मुळांतच मोठ्यानें बोलतां येत नाहीं त्यानें हळू बोलणें, यांत फरक आहे. पहिल्याच्या हळू बोलण्यांत राखून ठेवलेली शक्ति असते, आणि ऐकणाऱ्याला ती जाणवते.

आमची शिफारस, असलीच तर, वाचकांस थोडी विचित्र वाटेल. 'ॲड्रिफ्ट' जरूर ऐकावी, पण ती ऐकून तेथेंच थांबूं नये, आणि "आतां कसें माणसासारखें गातो!" असें तर मुळींच म्हणूं नये. एखाद्या सायंकाळीं तिच्यानंतर लगेच १९८६ चें 'बॉर्न टू लेट' लावावें. पहिलीं दोन मिनिटें कान तक्रार करतील. मग त्या जड, सावकाश चाललेल्या षड्ज-पंचमाच्या लाटेवर, आपण आतांच एकट्याचा म्हणून ऐकलेला तोच आवाज तरंगतांना ओळखूं येईल. आम्हांस तो ओळखूं आला तेव्हां तंबोऱ्यापुढें बसलेल्या एखाद्या गवयाची आठवण झाली, आणि त्या तरुण मित्राला आम्हीं दुसऱ्याच दिवशीं पत्र लिहून कळविलें कीं, वीस वर्षांपूर्वींचें आतां ऐकलें. त्या दिवशीं बोललों तें मागें घेतों.